मोजून जगायचे घर : पॉलिनेशियाच्या बेटांत शिडाच्या बोटीवरचे दिवस

बेटाच्या आडोशाला नांगरलेल्या शिडाच्या बोटीवर सकाळी चहाचे आधण ठेवण्यापूर्वी तीन आकडे बघितले जातात. टाकीत पाणी किती उरले, बॅटरीत वीज किती उरली आणि रात्रभरात बोट नांगरापासून किती सरकली. तिन्ही आकडे ठीक असले की दिवस सुरू होतो. छायाचित्रांत दिसणारे निळे पाणी आणि नारळांची रांग त्यानंतर, चहाचा कप हातात घेऊन बघायची.

उष्ण कटिबंधातल्या बेटांमधून महिनोन्महिने शिडाच्या बोटीने फिरणारी शेकडो कुटुंबे आज जगात आहेत. कोणी निवृत्त जोडपी आहेत, कोणी लहान मुलांना बोटीवरच शिकवणारे आईबाप. त्यांचे रोजचे जगणे नेमके कसे चालते, हे समजून घेण्यासाठी फ्रेंच पॉलिनेशिया हे उत्तम ठिकाण आहे, कारण उंच डोंगराचे बेट, डोंगराभोवती प्रवाळाचे कडे असलेले बेट आणि नुसतेच कडे उरलेले बेट असे तिन्ही प्रकार इथे एकाच प्रवासात भेटतात.

समुद्र मोठा, जमीन गोव्याएवढी

दक्षिण प्रशांत महासागरातल्या या प्रदेशात पाच द्वीपसमूह आणि सुमारे १२० बेटे आहेत. ती जवळपास ५० लाख चौरस किलोमीटर समुद्रात विखुरलेली आहेत. सगळी जमीन एकत्र केली तर ती गोव्यापेक्षा फार मोठी भरणार नाही. पनामा किंवा गालापागोसकडून येणाऱ्या बोटींना पहिली लागतात ती मार्केसस बेटे. काळ्या कड्यांची, हिरवीगार आणि बहुतेक ठिकाणी प्रवाळाच्या कुंपणाविना उघड्या समुद्राला भिडलेली. तिथून सुमारे ५०० सागरी मैलांवर तुआमोतू. एक सागरी मैल म्हणजे १.८५२ किलोमीटर. त्याच्याही पुढे सोसायटी बेटे. ताहिती, मोरेआ आणि बोराबोरा ती हीच.

तुआमोतू ही कंकणद्वीपांची जगातली सर्वांत मोठी साखळी. कंकणद्वीप कसे बनते, याचा उलगडा चार्ल्स डार्विनने केला. १८३५ साली ताहितीच्या डोंगरावरून त्याने समोरचे मोरेआ बघितले आणि १८४२च्या पुस्तकात सविस्तर मांडणी केली. ज्वालामुखीचा डोंगर हळूहळू खचत जातो. त्याच्या कडेने वाढणारे प्रवाळ उजेडासाठी वर वर येत राहते. शेवटी डोंगर बुडतो आणि बांगडीसारखे कडे उरते. मधल्या उथळ, शांत पाण्याला शाळेच्या भूगोलात खारकच्छ म्हणतात. बोटीवरचे लोक लगून म्हणतात. बोराबोरात डोंगर अजून उभा आहे, तुआमोतूत तो नाहीसा झाला आहे. आपल्या लक्षद्वीपची जडणघडण याच प्रकारची.

फिरण्याचा हंगाम मे ते ऑक्टोबर. या काळात आग्नेयेकडून व्यापारी वारे सातत्याने वाहतात, साधारण १५ ते २० नॉट, म्हणजे ताशी २८ ते ३७ किलोमीटर. नोव्हेंबर ते एप्रिल हा चक्रीवादळांचा काळ. त्या दिवसांत बहुतेक जण बोट सुरक्षित जागी बांधून ठेवतात किंवा वादळांच्या पट्ट्याबाहेर निघून जातात.

घर केवढे?

जोडप्याच्या किंवा लहान कुटुंबाच्या बोटीची लांबी साधारण ११ ते १४ मीटर असते. एकाच सांगाड्याची बोट वाऱ्याबरोबर कलते, म्हणून तिच्यात प्रत्येक कपाटाला खटका आणि प्रत्येक पलंगाला आडवे कापड असते. दोन सांगाड्यांची बोट फारशी कलत नाही आणि तिच्यात जागा जास्त असते. तिला कॅटमरान म्हणतात आणि हा शब्द तमिळमधल्या ‘कट्टुमरम’वरून, म्हणजे एकत्र बांधलेल्या ओंडक्यांवरून, जगभर गेला.

बोट लहान म्हणून कमी पल्ल्याची, असे मात्र समजू नये. न थांबता एकट्याने पृथ्वीप्रदक्षिणा करणारी पहिली बोट ‘सुहेली’ ही फक्त ३२ फुटांची होती आणि ती मुंबईत, सागवानात बांधलेली होती. रॉबिन नॉक्स-जॉन्स्टन यांनी १९६९मध्ये एका शर्यतीत ती प्रदक्षिणा पुरी केली. त्याच शर्यतीत बर्नार्ड म्वातेसिए हे फ्रेंच खलाशी जिंकण्याची शक्यता असताना शर्यत सोडून तसेच पुढे ताहितीला निघून गेले आणि नंतर काही वर्षे तुआमोतूतल्या ‘आहे’ नावाच्या कंकणद्वीपावर राहिले. शिडाच्या बोटीने पॉलिनेशियाला जाणाऱ्या कित्येकांच्या मनात आजही त्यांचे नाव असते.

लांबचा टप्पा : पाळ्या, पाऊस आणि तारे

गालापागोस ते मार्केसस हे अंतर सुमारे ३,००० सागरी मैल. मध्यम आकाराची बोट चोवीस तासांत १२० ते १६० मैल कापते. त्यामुळे तीन आठवडे, कधी त्याहून जास्त, चहूकडे फक्त पाणी असते. बोट रात्रीही थांबत नाही. म्हणून पाळ्या लावतात: दोघेच असतील तर एकाने तीन तास जागायचे, दुसऱ्याने झोपायचे आणि मग अदलाबदल. सुकाणू बहुधा ऑटोपायलट किंवा वाऱ्यावर चालणारे यंत्र सांभाळते. जागणाऱ्याचे काम असते बघण्याचे. ठरावीक मिनिटांनी उठून क्षितिजावर नजर फिरवायची, जहाजांचे ठिकाण सांगणारा पडदा बघायचा, शिडावर ताण किती आहे ते दोरीला हात लावून जोखायचे.

रात्री एकट्याने डेकवर जायचे असेल तर कमरपट्ट्याची दोरी बोटीला अडकवल्याशिवाय जात नाहीत. बोटीतून पडलेला माणूस अंधारात काही मिनिटांत दिसेनासा होतो, हे ठाऊक असल्याने हा नियम कोणी मोडत नाही. दुसरा नियम शिडाचा: सूर्य मावळण्याआधी शीड थोडे दुमडून लहान करून ठेवायचे. उष्ण कटिबंधात काळ्या ढगाखालचा सोसाट्याचा झोत पाच मिनिटांत अंगावर येतो आणि तेव्हा मोठे शीड आवरणे दोघांनाही जड जाते.

या पाळ्यांमध्ये माणसाची आकाशाशी ओळख होते. जूनमध्ये मध्यरात्रीच्या सुमारास वृश्चिक जवळजवळ डोक्यावर असते. आपल्याला जिथे विंचवाची नांगी दिसते, तिथे पॉलिनेशियन लोकांना माउई या वीरपुरुषाचा गळ दिसतो. होकायंत्राविना, तारे, लाटांची दिशा आणि पक्ष्यांची ये-जा वाचत त्यांच्या पूर्वजांनी ही सगळी बेटे वसवली. रायाटेआ बेटावरचा तुपाइया १७६९ साली जेम्स कुकच्या जहाजावर चढला तो ही विद्या घेऊनच. १९७६मध्ये ‘होकुलेआ’ ही पारंपरिक घडणीची जोडनौका माउ पियाइलुग या जाणत्या नावाड्याच्या मार्गदर्शनाखाली, एकही उपकरण न वापरता हवाईहून ताहितीला पोचली, तेव्हा ही विद्या दंतकथा नव्हे हे जगाने पाहिले. जीपीएसच्या पडद्यासमोर बसलेल्या आजच्या पाळीवाल्यानेही अधूनमधून तारा धरून बोट चालवून बघावी. पडदा बंद पडण्याचा दिवस सांगून येत नाही.

पासमधून आत शिरताना

कंकणद्वीपाच्या कड्यात जी फट असते तिला पास म्हणतात. लगूनमध्ये जायचे तर याच फटीतून आणि पूर्ण प्रवासातला सर्वांत जोखमीचा अर्धा तास इथेच असतो. बुगेनव्हिल या फ्रेंच दर्यावर्दीने १७६८ साली तुआमोतू बेटांना ‘धोकादायक द्वीपसमूह’ असे नाव दिले ते काही उगाच नाही. उंची अवघी काही मीटर, त्यामुळे बेट दिसते ते नारळांच्या शेंड्यांवरून आणि तेही अगदी जवळ गेल्यावर. थॉर हेयरडाल या शोधप्रवाशाचा ‘कॉन-टिकी’ तराफा १९४७मध्ये १०१ दिवसांच्या प्रवासानंतर याच तुआमोतूतल्या रारोइआच्या कड्यावर आदळला.

पासमध्ये शिरायचे तर भरती-ओहोटी बघावी लागते. कोकणातल्या माणसाला भरतीची वेळ काढायला तिथी पुरते; तिथीची पाऊणपट केली की तास मिळतात. मुंबईला उधाणाच्या दिवशी पाणी पाच मीटरपर्यंत चढउतार करते. ताहितीला हा हिशेब लागूच पडत नाही. तिथे भरती-ओहोटीचा फरक जेमतेम एक फूट आणि भरती रोज दुपारी व मध्यरात्री बाराच्या आसपास, कारण तिथे चंद्राचा जोर जवळजवळ नाहीसा होऊन सूर्याचा उरतो. तुआमोतूत भरती-ओहोटी चंद्राला थोडी मानते, पण पासमधला प्रवाह तिच्यावरच अवलंबून नसतो. दक्षिणेकडून मोठ्या लाटा आल्या की त्या कड्यावरून लगूनमध्ये पाणी ओततात. ते सगळे पाणी बाहेर पडायला वाट एकच: पास. अशा दिवसांत भरतीच्या वेळीही पाणी बाहेरच धावत असते आणि अरुंद पासमध्ये त्याचा वेग सहा-सात नॉटपर्यंत जातो. बोटीचे इंजिन तेवढ्याच वेगाने ढकलू शकते. म्हणजे इंजिन पूर्ण जोरात आणि बोट जागच्या जागी.

म्हणून वेळ साधावी लागते. प्रवाह मंदावलेला हवा आणि सूर्य डोक्यावर किंवा पाठीशी हवा. सकाळी दहा ते दुपारी दोन ही त्यातल्या त्यात चांगली वेळ. फाकारावा या कंकणद्वीपाच्या उत्तरेचा गारुआए पास सुमारे दीड किलोमीटर रुंद आहे, फ्रेंच पॉलिनेशियातला सर्वांत रुंद. तरीही बाहेर वाहणाऱ्या पाण्यावर समोरून वारा आला की तिथे उभ्या लाटांची रांग लागते. बोटीवर एकजण सुकाणूवर असतो आणि दुसरा नाळेवर, म्हणजे बोटीच्या पुढच्या टोकाला उभा राहतो. डोळ्यांवर चकाकी कापणारा चष्मा. बोलणे वाऱ्यात ऐकू येत नाही, म्हणून खुणा हाताच्या. गडद निळे म्हणजे खोल. फिकट पोपटी म्हणजे तीन-चार मीटरवर वाळू. तपकिरी म्हणजे प्रवाळ आणि त्या बाजूचा हात लगेच वर होतो. ढग सूर्यावर आला की सगळे पाणी एकाच करड्या रंगाचे दिसते. मग वेग कमी करून ढग सरकण्याची वाट बघायची. नकाशावर भरवसा ठेवून पुढे जाणाऱ्या बोटींचे सांगाडे या कड्यांवर अजूनही दिसतात.

नांगर आणि प्रवाळ

आत आल्यावर पहिला शोध वाळूचा. दहा मीटर पाण्यात साधारण ५० मीटर साखळी सोडतात, म्हणजे नांगरावरचा ओढा आडवा राहतो आणि तो वाळूत रुतून बसतो. बोट मागे घेऊन नांगर धरला का ते तपासतात. मग कोणीतरी मुखवटा लावून पाण्यात उतरते आणि प्रत्यक्ष बघून येते.

बघण्यासारखे तिथे पुष्कळ असते. वाळूत तिरका घुसलेला नांगर, त्याच्यामागे सापासारखी पसरलेली साखळी आणि दहा-पंधरा मीटरवर, टेबलाएवढा रुंद, प्रवाळाचा एक घुमट. त्याच्या फटींतून निळे-पिवळे मासे डोकावत असतात. असा घुमट वर्षाला साधारण एक सेंटिमीटर वाढतो. वारा फिरला की बोट फिरते, बोटीबरोबर साखळी फिरते आणि आपल्या आजोबांच्या जन्माआधीपासून वाढत आलेला तो घुमट एका रात्रीत घासून भुगा होऊ शकतो.

यावर एक सोपा उपाय इथले बोटवाले वापरतात. साखळीचा नांगराजवळचा भाग वाळूवर राहू देतात आणि पुढच्या भागाला ठरावीक अंतरावर तरंगते गोळे बांधतात. साखळी पाण्यात अधांतरी राहते, घुमटांच्या वरून फिरते आणि अडकतही नाही. मोत्यांच्या शेतीतून सुटून किनाऱ्याला लागलेले गोळे यासाठी चांगले उपयोगी पडतात. या लगूनमध्ये काळ्या ओठांच्या शिंपल्यांपासून काळे मोती पिकवतात. त्या शेतीच्या दोऱ्यांपासूनही बोट लांब ठेवावी लागते. बोराबोरासारख्या गर्दीच्या ठिकाणी नांगर टाकूच देत नाहीत, तळाशी पक्क्या बसवलेल्या बोयाला बोट बांधावी लागते. त्याचे पैसे पडतात, ते आनंदाने द्यावेत.

पाणी : माणशी किती?

आपल्या शहरांच्या पाणीयोजना माणशी दिवसाला १३५ लिटर धरून आखतात. बोटीवर माणशी १० ते २० लिटरांत पिणे, स्वयंपाक आणि अंघोळ सगळे बसवतात. अंघोळ म्हणजे समुद्रात डुबकी, साबण, पुन्हा डुबकी आणि शेवटी दीड-दोन लिटर गोड्या पाण्याने अंगावरचे मीठ उतरवणे. मीठ राहिले तर ते हवेतली ओल ओढते. कपडे, उशा, काहीच मग नीट सुकत नाही. भांडी समुद्राच्या पाण्याने घासतात आणि गोड्या पाण्यात फक्त विसळतात. नळाऐवजी पायाने दाबायचा पंप असतो. एक दाब, एक घोट पाणी. आठवडाभरात पायालाच सवय लागते.

पुष्कळ बोटींवर आता खाऱ्या पाण्याचे गोडे करणारे यंत्र असते. समुद्राचे पाणी वातावरणाच्या पन्नास-साठ पट दाबाने अतिसूक्ष्म छिद्रांच्या पडद्यातून ढकलायचे. पाणी पलीकडे जाते, मीठ अलीकडे राहते. यंत्राला वीज लागते आणि पाणी स्वच्छ लागते, म्हणून बंदरातल्या तेलकट पाण्यात ते चालवत नाहीत. जुना आणि खात्रीचा मार्ग पावसाचा आहे. डेकवर ताडपत्री ताणायची, तिच्या पन्हाळीला नळी लावायची. पहिल्या काही मिनिटांचे पाणी मीठ आणि धूळ धुऊन जाऊ द्यायचे, मग नळी टाकीत. कंकणद्वीपांवरची गावेही याच पाण्यावर जगतात. तिथे नदी नाही, छपराचे पाणी हौदात साठते. म्हणून गावात जाऊन पाणी मागताना दहादा विचार करावा.

वीज

विजेचा हिशेब घरातल्या युनिटांतच केला तर लवकर समजतो. साधा फ्रीज दिवसाला अर्धा ते एक युनिट खातो, बोटीवरचे ते सर्वांत मोठे गिऱ्हाईक. बाकी दिवे, पंप, उपकरणे आणि संपर्क मिळून एकूण दोन-तीन युनिटांत भागते. हे सगळे सौर पट्ट्यांतून येते, काही बोटींवर जोडीला पवनचक्की असते. यंत्राने पाणी करणे, लॅपटॉप भरणे ही कामे दुपारी ऊन असताना उरकतात. चार दिवस ढगाळ गेले की फ्रीज बंद, मासा त्याच दिवशी शिजवायचा.

स्वयंपाकघर आणि बाजार

बोटीवरची शेगडी झोपाळ्यासारखी टांगलेली असते; बोट कलली तरी भांडे सरळ राहते. गॅसचा सिलिंडर मात्र घरातल्यासारखा ओट्याखाली चालत नाही. गॅस हवेपेक्षा जड, गळला तर बोटीच्या तळाशी साचतो आणि एका ठिणगीने स्फोट होतो. म्हणून सिलिंडर बाहेरच्या बंद खणात ठेवतात, त्या खणाला समुद्राकडे उघडणारे भोक असते आणि स्वयंपाक झाला की झडप बंद करतात. आपला प्रेशर कुकर बोटीवरच्या लोकांचाही लाडका आहे. झाकण घट्ट असल्याने बोट हेलकावली तरी सांडत नाही आणि गॅस व पाणी दोन्ही वाचते.

लांबच्या टप्प्यासाठी भरणा करताना कांदे, बटाटे, कोबी आणि लाल भोपळा जास्त घेतात, कारण ते फ्रीजविना टिकतात. अंडी कधीच फ्रीजमध्ये न गेलेली घ्यायची आणि दर एक-दोन दिवसांनी उलटी करायची. ती काही आठवडे राहतात. पुठ्ठ्याची खोकी बोटीवर आणतच नाहीत, त्यांच्या घड्यांत झुरळांची अंडी असतात. हिरवे काही उरले नाही की मूग भिजवतात. ओल्या फडक्यातले मोड तिसऱ्या दिवशी ताटात येतात. ही युक्ती फ्रेंच काय, न्यूझीलंडचे काय, सगळेच वापरतात. मराठी घरात ती कोणाला शिकवावी लागणार नाही.

मार्केससला नांगर टाकल्यावर जे पहिले खायला मिळते ते कोकणातल्या माणसाला अनोळखी वाटत नाही. पपनस, पण हिरव्या सालीचे, गोड आणि रसाळ. अळूचे कंद. ओला नारळ. आणि नीरफणस, ज्याला ताहितीत उरू म्हणतात. आपण त्याचे काप करतो, तिथे अख्खे फळ निखाऱ्यावर भाजून काळी साल सोलतात आणि आतला मऊ गर खातात. याच झाडाची हजाराहून अधिक रोपे कॅरिबियनमध्ये नेण्यासाठी ब्रिटिशांचे ‘बाउंटी’ जहाज ताहितीला आले होते आणि १७८९ साली त्यावर बंड झाले. कच्चा कुपा लिंबाच्या रसात मुरवून त्यावर ताजे नारळाचे दूध ओततात. हे तिथले रोजचे जेवण.

दुकानाचे गणित मालवाहू जहाजावर असते. जहाज आले त्या दिवशी सफरचंद, बटाटे, चीज. आठवड्याने फक्त डबे. फ्रेंच वहिवाटीचा लांबुडका पाव मात्र मोठ्या गावांत पहाटे मिळतोच, पण सातनंतर गेलात तर रिकाम्या हाताने परत.

मासा कोणता खावा?

भर समुद्रात गळाला लागलेला कुपा निर्धास्त खावा. लगूनमधल्या माशाचे तसे नाही. प्रवाळावर वाढणाऱ्या एका सूक्ष्म शैवालात विष असते. ते लहान माशांत जाते, त्यांना खाणाऱ्या मोठ्या माशांत साठत जाते आणि माणसाच्या ताटात येते. या विषबाधेला सिग्वाटेरा म्हणतात आणि त्या शैवालाला शास्त्रीय नाव मिळाले ते इथल्याच गांबिए बेटांवरून. हे विष शिजवल्याने, तळल्याने, गोठवल्याने जात नाही. माशाला वास नाही, चव वेगळी नाही. उलट्या, ओठांना मुंग्या आणि विचित्र गोष्ट म्हणजे गार पाणी हाताला चटका बसल्यासारखे लागणे, ही लक्षणे. त्रास आठवडे, कधी महिने टिकतो.

कोणत्या बेटाच्या कोणत्या बाजूचा कोणता मासा खाण्याजोगा आहे, हे तिथल्या कोळ्यालाच ठाऊक असते. एका लगूनमध्ये चालणारे हेकरू शेजारच्या लगूनमध्ये घातक असू शकते. म्हणून मासा पकडल्यावर तो आधी गावातल्या माणसाला दाखवायचा. आणखी एक गोष्ट लक्षात ठेवायची: प्रवाळ मोडले की मेलेल्या पृष्ठभागावर शैवाल वाढते आणि अशा दुखावलेल्या जागांचा या विषबाधेशी संबंध अभ्यासकांना दिसलेला आहे. ज्या घुमटावरून आपली साखळी घासत गेली, त्याची किंमत पुढे गावातल्या मुलाला चुकवावी लागू शकते.

रोजची दुरुस्ती

ऊन शिडाचा दोरा खाते, मीठ धातू खाते आणि ओल बाकी सगळे. म्हणून सकाळचे दोन-तीन तास दुरुस्तीचे. शिडाची उसवलेली शिवण शिवून घ्यायची. इंजिनाला गार ठेवणाऱ्या पंपाचे रबरी चाक बदलायचे. समुद्राच्या पाण्यात दोन धातू जवळ आले की एक दुसऱ्यासाठी झिजतो. म्हणून बोट ढकलणाऱ्या पंख्याच्या दांड्यावर जस्ताचा तुकडा लावतात, म्हणजे तो झिजेल आणि दांडा वाचेल. तो तुकडा वेळेवर बदलायचा. बुडाला चिकटलेले शेवाळ आणि शिंपले श्वास रोखून खरवडायचे, नाहीतर बोट जडावते. सुटा भाग हवा असेल तर तो ताहितीवरच्या पापीते या राजधानीला विमानाने येणार आणि तिथून पुढे जहाजाने, म्हणून जे मोडू शकते त्याची जोडी बोटीवर असते.

शरीराची दुरुस्तीही याच यादीत येते. प्रवाळाचा साधा ओरखडा उष्ण दमट हवेत दोन दिवसांत चिघळतो. तो लगेच गोड्या पाण्याने आणि साबणाने धुवायचा, जंतुनाशक लावायचे आणि सुकेपर्यंत पाण्यात उतरायचे नाही. पाणी मोजून वापरणाऱ्या बोटीवर जखमेसाठी मात्र पाणी मोजत नाहीत.

किनाऱ्यावर पाय ठेवताना

नव्या देशात शिरताना डोलकाठीवर पिवळा झेंडा चढवतात; सरकारी तपासणी होईपर्यंत तो उतरत नाही. पासपोर्ट, बोटीची मालकी आणि मागच्या बंदरातून निघाल्याचा दाखला ही मुख्य कागदपत्रे. भारतीय पासपोर्टवर व्हिसा लागतो आणि नेहमीचा शेंगेन व्हिसा इथे आपोआप चालत नाही. या प्रदेशाचा वेगळा काढावा लागतो.

त्यापुढचे नियम कोणी लिहून देत नाही. निर्जन दिसणाऱ्या बेटावरचा नारळही कोणाचा तरी असतो. खोबरे वाळवून पोती भरणे आणि ती पापीतेच्या तेलगिरणीला पाठवणे, हे कित्येक कुटुंबांचे पोट आहे. विचारल्याशिवाय नारळ उचलू नये. भेटल्यावर ताहितीत ‘इया ओराना’, मार्केससला ‘काओहा’ म्हणावे. रविवारी काम करू नये, चर्चमधले एकत्र गायन ऐकायला जावे. कोणी पपनसांची पिशवी हातात दिली तर परतफेडीला गळ, दोरी, चष्मा असे काही कामाचे द्यावे. आणि आपला कचरा तिथे टाकू नये. कंकणद्वीपावर कचरा पुरायला जमीन नसते. डबे धुऊन, चेपून, प्लास्टिक कापून बाटलीत दाबून ते मोठ्या बंदरापर्यंत बोटीवरच ठेवतात.

रात्रीचा आवाज

अंधार पडला की डोलकाठीच्या टोकाला पांढरा दिवा लावतात. झोपण्याआधी किनाऱ्यावरच्या दोन खुणा एका रेषेत धरून ठेवतात, म्हणजे नांगर घसरला तर लगेच कळेल. मग पुढच्या खोलीत आडवे व्हायचे, साखळीच्या अगदी जवळ.

साखळीतून तळाचा आवाज बोटीत येतो. पहिल्या काही रात्री तो झोपू देत नाही, नंतर त्याची भाषा कळू लागते. वाळूवरून सरकताना साखळी हलकी खरखरते आणि त्या आवाजात गाढ झोप लागते. प्रवाळाला घासली की मात्र दात खाल्ल्यासारखा करकर आवाज येतो. बोट सुरक्षित असते, नांगरही पक्का असतो, तरी तो आवाज ऐकल्यावर चांगला खलाशी कूस बदलून झोपत नाही. तो उठतो, टॉर्च घेऊन नाळेवर जातो, अडकलेल्या बाजूची काही मीटर साखळी आत ओढून घेतो, पुन्हा कान लावतो. करकर थांबली की परत येऊन निजतो. उजाडल्यावर बघायच्या आकड्यांत मग एक भर पडते: मुखवटा लावून खाली जायचे आणि तो घुमट शाबूत आहे का ते बघायचे.